थर हलतो तेव्हा

श्रावण लागला की मानपाड्याच्या आमच्या सोसायटीमागच्या मैदानातून संध्याकाळी शिट्टी ऐकू येते. दहीहंडीच्या पथकाची प्रॅक्टिस सुरू झालेली असते. शेजारपाजारच्यांना ती सणाची चाहूल वाटते. माझ्या तळपायाला मात्र घाम सुटतो. भाजी निवडणारा हात थांबतो आणि मी शिट्टीनंतरच्या शांततेकडे कान लावून बसते. थर चढत असतात तेव्हा मैदानावर कोणी बोलत नाही. ती शांतता लांबत जाते तसा माझा श्वास वरवरचा होत जातो. मग टाळ्या पडतात, पोरं ओरडतात, आणि मी पुन्हा मेथीच्या काड्या खुडायला लागते. टाळ्या पडल्या म्हणजे सगळे नीट खाली आले.

यंदा त्यात भर पडली ती एका प्रशिक्षणाची. मी एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. आम्हा इन्चार्ज मंडळींना नेतृत्वाचे धडे द्यायला मॅनेजमेंटने मुंबईहून एक गृहस्थ बोलावले होते. सूट, टाय, पडद्यावर सरकणारी चित्रं. खिडकीबाहेर श्रावणातलं ते आजारी पिवळं ऊन. त्यांनी सांगितलं, "सचोटी म्हणजे कोणी बघत नसताना तुम्ही जसं वागता ते." सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. पण पेन खाली ठेवलं आणि मनात आलं, कोणी बघत नसताना खरं वागणं त्या मानाने सोपंच की. तिथे आपण आणि आपला देव. सगळे बघत असताना, ढोल वाजत असताना, आपल्या एका शब्दाने सगळ्यांचा विरस होणार हे माहीत असताना खरं बोलणं, ते खरं अवघड. आणि ते पडद्यावरच्या चित्रांतून शिकता येत नाही. मी ते ज्या श्रावणात शिकले, त्या श्रावणाची मला अजून भीती वाटते.

तेव्हा आम्ही कळव्याला राहायचो. नर्सिंग संपवून मी नुकतीच नोकरीला लागलेले. आमच्या बिल्डिंगच्या मागे, खाडीच्या अंगाला, एक मोकळी जागा होती. ओहोटी लागली की काळ्या चिखलाचा वास यायचा, इतका दाट की जिभेवर त्याची चव यावी. तिथे संध्याकाळी बायकांचं गोविंदा पथक सराव करायचं. आमच्या घरात हा शब्दसुद्धा कोणी उच्चारला नसता. बाबा म्हणाले, "लोकांच्या खांद्यावर चढायचं म्हणजे काय?" आई काही बोलली नाही. पण मी चिखलाने माखून घरी यायचे तेव्हा बंबात पाणी तापलेलं असायचं.

पथक विजाताईचं. मीठ पिकवणारं जुनं घराणं तिचं. आजोबांच्या मिठागरांवर आता उंच इमारती उभ्या होत्या, दोन फ्लॅटांचं भाडं घरी यायचं, आणि तरी ही बाई शहरातल्या बसवर कंडक्टर होती. "बसून खाल्लं तर माणूस गंजतो गो," म्हणायची. अंगाने आडवी, आवाजाने उभी. तिच्या बसने मी कधीकधी जायचे. बस अडकली की बाकीचे कंडक्टर "आता निघेल, आता निघेल" करत वेळ मारून नेतात. ही उभी राहून सांगायची, "पुढे रस्ता बंद आहे. अर्धा तास तरी हलत नाय. घाई असेल त्यांनी उतरून रिक्षा बघा." लोक वैतागायचे, तिलाच बोलायचे. ती ऐकून घ्यायची. मला तेव्हा ते तिच्या स्वभावाचं एक खटकेल असं टोक वाटायचं, एवढंच.

त्या वर्षी आमचं सहा थरांचं ठरलं होतं. पाच आम्ही आदल्या वर्षी लावलेले. बायकांचे सहा म्हणजे मोठी गोष्ट. ठाण्यातल्या एका बड्या हंडीच्या आयोजकांनी आम्हाला बोलावलं होतं, त्यांचा माणूस नितीनदादा दर दोन दिवसांनी येऊन जायचा. टी-शर्ट त्यांचे, त्या दिवसाची बस त्यांची, जेवणही त्यांचंच. "साहेबांना सांगून टाकलंय मी, ताई. सहा म्हणजे सहा. चॅनलवाले येणारेत." विजाताई हसून म्हणायची, "लागतील, दादा, लागतील."

रचना सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सगळ्यांत खाली गोल करून उभ्या राहणाऱ्या मजबूत बायका. त्यांच्या मध्यात विजाताई. तिच्या खांद्यावर माझा डावा पाय, म्हणजे मी दुसऱ्या थराला. माझ्या वर, तिसऱ्या थराला, रेश्मा. ही मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून यायची आणि इथे पुन्हा उभी राहायची. आणि सगळ्यांत वर चिंगी. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली, काटकुळी, माकडासारखी चढणारी. तिच्या कमरेला दोरी बांधलेली असायची आणि ती जुन्या चिंचेच्या फांदीवरून खाली ओढलेली. चिंगीला भीती म्हणून माहीत नाही, असं आम्ही अख्ख्या कळव्यात सांगत फिरायचो.

खालच्या बाईचा खांदा पायाला किती सांगतो! कोण आज जेवली नाही, कोण घरून भांडून आली, कोणाला सर्दी आहे, सगळं तळव्यातून कळतं. त्या श्रावणात माझ्या डाव्या तळव्याला काहीतरी कळत होतं आणि डोक्याला कळत नव्हतं. विजाताईचा खांदा दगडासारखा असायचा. तो आता मधूनच मऊ पडायचा. क्षणभरच. झोपेत माणसाची मूठ सैल पडावी तसा. मग पुन्हा दगड. मला वाटायचं, माझाच पाय ओला आहे.

त्या संध्याकाळी हवा पडलेली होती. पान हलत नव्हतं. हॅलोजनच्या उजेडात आमच्या सावल्या मागच्या भिंतीवर एकीवर एक चढत होत्या आणि भिंतीपाशी कुत्रं उगाच भुंकत होतं. चौथा थर बसला. पाचवा चढत होता. शिट्टी वाजली, सगळं गप्प झालं, आणि माझ्या डाव्या पायाखालचा खांदा नाहीसा झाला. दुसरा शब्दच नाही त्याला. होता आणि नव्हता. वरून एक किंकाळी, मग अंगावर अंगं, कोपर, गुडघे, तोंडात चिखल. डोळे उघडले तेव्हा आधी वर बघितलं. चिंगी दोरीला लटकत होती, गोल गोल फिरत होती आणि तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता.

कोणाचं काही मोडलं नाही. मुका मार, खरचटणं, एकीचा दात हलला. पण पडल्यानंतर माणसाला आधी दोषी हवा असतो, मलम नंतर. "रेश्माचा तोल गेला." कोण पहिल्यांदा म्हणालं कोण जाणे. "ती लेटच येते रोज." "दमून येते, कशाला येते मग?" मी म्हटलं, "मला वाटतं खालून हललं." कोणी ऐकलं नाही. माझीही खात्री नव्हती, पडताना कोणाची असते? रेश्मा ओठाचं रक्त पुसत उभी होती. तिने एकेकीकडे पाहिलं. विजाताईकडेही पाहिलं. विजाताई खाली बसून आपला उजवा हात डाव्या हाताने चोळत होती. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून रेश्मा यायची बंद झाली. तिसऱ्या थराला दुसरी मुलगी उभी केली. थर चढायचे, उतरायचे, पण मैदानावर काहीतरी कुजत होतं. आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं टाळत होतो. हसणं बंद झालं. आणि रोज कोणी ना कोणी म्हणायचं, "आता बघा, रेश्मा नाही तर कसं नीट चाललंय." तसं म्हणणारीचा आवाज दरवेळी जरा जास्तच मोठा असायचा.

मग एका शनिवारी नितीनदादा टी-शर्टांचे गठ्ठे घेऊन आला. फोटो काढायचे होते. विजाताई म्हणाली, "थांबा दादा. बसा गो सगळ्या खाली. मला बोलायचंय."

आम्ही ओल्या जमिनीवर बसलो. ती उभी राहिली. एवढी अंगापिंडाची बाई, पण मला ती त्या वेळी एकदम लहान दिसली.

"त्या दिवशी थर पडला तो रेश्मामुळे नाय पडला. माझ्यामुळे पडला. माझा हा हात महिनाभर झोपतोय. मध्येच बधिर होतो, मग खांद्यात जीवच राहत नाय. डॉक्टर बोलला मानेची नस दबलीय, वजन घेऊ नको. मी ऐकलं नाय. बोलले, सहा थर एकदा लागू दे, मग सांगू."

कोणीतरी टी-शर्टाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी चाळा करत होतं, तेवढाच आवाज.

"हे एक झालं. आणि पडल्यावर तुम्ही सगळ्या रेश्माला बोलत होतात, ती माझ्याकडे बघत होती, आणि मी गप राहिले. हे जास्त वाईट."

नितीनदादा पुढे आला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे आपण साइडला बोलू ना. पोरींसमोर कशाला?"

"साइडला बोलून बोलूनच हात झोपला, दादा," ती म्हणाली. "सहा थर होणार नाय. मी खाली उभी राहणार नाय. साहेबांना सांगा."

मी तेव्हापासून खूप वरिष्ठ पाहिले. चुकलो म्हणणारेही पाहिले. पण बहुतेक जण चूक अशी सांगतात की ती ऐकून आपल्याला त्यांचंच कौतुक वाटावं. विजाताईने तसं केलं नाही. तिने डोळे पुसले नाहीत, "मी तुमच्यासाठी किती केलं" म्हटलं नाही. अडकलेल्या बसची माहिती द्यावी तसं सांगितलं आणि पुढे काय ते आमच्यावर सोडलं. आम्ही चिडलोच. काहीजणी उठून गेल्यासुद्धा. "आता सांगतेय? इतके दिवस घाम गाळला तो?" त्यांचंही चुकलं नव्हतं.

पण मग जे झालं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. बसलेल्यांतून मनीषा बोलली. मनीषा खालच्या थरात विजाताईला खेटून उभी राहायची. लग्न होऊन वर्ष झालेलं, बोलायला कमी. जमिनीकडे बघत म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत. घरी पण सांगितलं नाही अजून. सांगितलं असतं तर सोडायला लागलं असतं ना इथलं."

मनीषाच्या खांद्यांवर आम्ही रोज चढत होतो. त्या दिवशी सगळ्या तिच्यावरच कोसळल्या होत्या.

आणि मग चिंगी. ती रडत नव्हती, शाळेत उत्तर सांगावं तशी बोलली. "मी वर गेले की डोळे मिटते. पहिल्यापासून. मला वरून काहीच दिसत नाही. तुम्ही सगळ्या म्हणता ना, हिला भीती नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

मी त्या चिखलात बसले होते आणि मला वाटत होतं, आपण आत्ता पडतोय. आत्ता. आम्ही इतके दिवस ज्याच्यावर उभ्या होतो ते खांदे नव्हतेच. खाली एक बधिर हात, त्याला खेटून एक पोट, वर मिटलेले डोळे, आणि मध्ये आम्ही, सगळं ठीक आहे समजून टाळ्या घेणाऱ्या. विजाताई बोलली नसती तर मनीषा बोलली नसती. मनीषा बोलली नसती तर चिंगी बोलली नसती. आणि ठाण्याच्या त्या चौकात, डांबरावर, हजारो लोकांसमोर आम्ही सहावा थर चढवायला घेतला असता. मी आजही कधीकधी पहाटे जागी होते आणि तो न लागलेला सहावा थर मला दिसतो.

त्याच संध्याकाळी विजाताई मला म्हणाली, "चल नर्सबाई, रेश्माकडे जाऊ." रेश्माचे वडील टीव्ही बघत होते. विजाताईने त्यांच्यासमोर, दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी आवाज कमी केला, मग बंदच केला. रेश्मा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ओठावरची खपली अजून होती.

"बोललात ते बरं केलंत ताई," ती म्हणाली. "पण इतक्या दिवसांत एकीने फोन नाही केला मला. मी ठाण्याच्या एका पथकात जातेय. तिकडे शब्द दिलाय."

मला वाटलं विजाताई तिला मनवेल. ती म्हणाली, "दिलास तर पाळ. पण थर हलला तर ओरड हां."

रेश्मा हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "तिकडे ओरडणारीला दुसऱ्या दिवशी काढतात, ताई."

परतताना विजाताई माझ्यापुढे भराभर चालत राहिली. खरं बोलायला उशीर झाला की ते खरंच राहतं, पण त्याने सगळं भरून येत नाही. हे तिला माझ्याआधी कळलेलं असणार.

मागच्याच आठवड्यातली गोष्ट. थिएटरमध्ये पेशंट टेबलावर, भूल दिलेली, सर्जन हात धुऊन तयार. आमची नवी सिस्टर अश्विनी माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "मॅडम, माझं कोपर ट्रेला लागलं बहुतेक. कोणी बघितलं नाही. पण लागलं." ट्रे बदलायचा म्हणजे निर्जंतुक केलेलं सगळं सामान नव्याने मांडायचं, तोपर्यंत सर्जन ताटकळणार. मी म्हटलं, "सर, थांबायला लागेल, ट्रे बदलतोय." ते मास्कमागून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी अश्विनीला रागावले नाही, शाबासकीही दिली नाही. फक्त म्हटलं, "नवीन ट्रे उघड." तिला तेवढंच पुरे होतं. पुढच्या वेळी ती मला सांगेल का, हे त्या क्षणी ठरत होतं, हे मला ठाऊक होतं. माणसं आपल्याला खरं सांगतात ती आपण हुशार आहोत म्हणून नाही. सांगितल्यावर मागच्या वेळी काय झालं, ते त्यांच्या लक्षात असतं.

त्या वर्षी गोपाळकाल्याच्या दिवशी आम्ही चार थरांच्या तयारीने ठाण्याला गेलो. मनीषा पाण्याच्या बाटल्या सांभाळायला म्हणून आलेली, घरी सांगून आलेली. चिंगीने डोळे उघडे ठेवून चौथ्या थरापर्यंतच चढायचं ठरवलं होतं, तिचं तिने. विजाताई शिट्टी घेऊन समोर.

त्या चौकात सकाळपासून एक ॲम्ब्युलन्स उभी होती. ड्रायव्हर आत पाय पसरून झोपला होता. स्पीकरच्या दणक्याने तिच्या काचा थरथरत होत्या. वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी फुटायच्या बेतात होत्या. सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांचे मोबाइल वर. मला त्या गर्दीकडे बघून पहिल्यांदाच वाटलं की ही माणसं थर लागायची वाट बघतायत हे खरं, पण मनाच्या एका कोपऱ्यात ती पडायचीही वाट बघतायत.

नितीनदादा घामाघूम झाला होता. "ताई, चार सांगू नका ना माइकवर. सहाच सांगतो मी. तुम्ही चढा, पाचव्याला सुरुवात करा आणि उतरवा. पब्लिकला वाटेल ट्राय केला. साहेबांची पण लाज राहील."

"पाचवी पोरगी उगाच चढवू? दाखवायला?"

"काय होतंय त्याने?"

विजाताईने त्याच्याकडे बघितलं आणि स्टेजच्या पायऱ्या चढून गेली. माइक हातात घेतला. "आम्ही कळव्याच्या. सहा थर बोललो होतो. आमच्याच्याने होणार नाय. चार लावतो."

एका गॅलरीतून कोणीतरी शिट्टी मारली, दुसऱ्याने "घरी जा भाकऱ्या थापा" म्हटलं, आणि हसण्याची लाट चौकभर फिरली. आमच्यातली एक रडायला लागली. विजाताई खाली आली, म्हणाली, "रडून घे, मग बेल्ट बांध."

पहिला थर लागला. मी चढले. पायाखाली नवीन खांदे, पाण्याच्या फवाऱ्यांनी निसरडे. तिसरा थर चढला. माझ्या खांद्यावर वजन आलं आणि त्याच वेळी उजव्या पोटरीत गोळा आला. असा की डोळ्यांपुढे पांढरं झालं. दात दाबले. समोर हजारो तोंडं. मनात सगळं एकदम आलं. चारच तर आहेत. चारही नाही लागले तर? चिंगी चढायलाच लागलीय, दोन मिनिटांत उतरेल. हसतायतच लोक, अजून हसतील. पाय लाकडासारखा झाला होता, माझा राहिला नव्हता. मला विजाताईचा हात आठवला. तिलाही असंच वाटलं असेल, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे.

मी ओरडले, "ताई, हलतंय! उतरव!"

तिने वर बघून खात्री केली नाही. कोण, काय, किती, काही विचारलं नाही. माझा शब्द संपायच्या आत शिट्टी वाजली. चिंगी उतरली, तिसरा थर उतरला, मग मी. मी जमिनीला टेकले आणि पाय दुमडून तिथेच बसले. चौकातून जो आवाज उठला त्याला हसणं म्हणता येणार नाही. कोणीतरी पाण्याची रिकामी बाटली फेकली, ती माझ्या पाठीला लागली.

नितीनदादा धावत आला. "कोण ओरडली वर? कोण होती ती?"

"शिट्टी माझी होती," विजाताई म्हणाली.

"शिट्टी नाही विचारत मी, ओरडली कोण?"

"मी ओरडले," मी खालूनच म्हटलं. विजाताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. गुडघ्यावर बसून माझी पोटरी दोन्ही हातांत धरली आणि दाबायला लागली. उजव्या हाताची बोटं तिला नीट वळत नव्हती.

तो पाय आणखी थोडा वेळ टिकला असता का? असता कदाचित. कोणालाच कधी कळणार नाही. न झालेल्या अपघाताला साक्षीदार नसतात. त्याची बातमी होत नाही, त्याच्यासाठी कोणी हार घालत नाही. तो फक्त जे बोलले त्यांच्या वाट्याला येतो, आणि तोही टोमण्यांच्या रूपाने.

बस मिळाली नाही. ती दुसऱ्या पथकाला दिली म्हणून सांगण्यात आलं. आम्ही चालत निघालो. मी मनीषाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होते. पुलाच्या अलीकडे आणखी एक हंडी होती, तिथे पिवळे टी-शर्ट घातलेलं पथक आपल्या पाळीची वाट बघत उभं होतं. त्यात रेश्मा दिसली. तिने आम्हाला बघितलं. आमचे ओले, पडेल चेहरे बघून तिला सगळं समजलं असावं. हात उचलला तिने, अर्धवट.

आम्ही खाडीवरच्या पुलावर आलो. ओहोटी होती. खाली चिखल उघडा पडलेला, त्यावर आकाशाचा शिशासारखा रंग. मागून ढोल आणि गाणी एकत्र ऐकू येत होती. आणि मग ती थांबली. गाणं मध्येच तुटलं. ढोल थांबला. एवढ्या मोठ्या गर्दीचा आवाज एका क्षणात गेला आणि पुलावर फक्त वारा राहिला.

आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिलो. अशी शांतता दोनदा होते. थर चढताना आणि थर पडल्यावर. चढतानाची अशी नसते.

मग स्पीकरवर घोगरा आवाज आला. "रस्ता द्या. बाजूला व्हा, गाडीला रस्ता द्या."

विजाताईने वळून आमच्याकडे बघितलं आणि एकेकीचं नाव घ्यायला लागली. सगळ्या समोर उभ्या होतो, तरी.

"मनीषा?"

"आहे."

"चिंगी?"

"आहे, ताई."

"नर्सबाई?"

"आहे."

सगळी नावं झाली. मग ती म्हणाली, "रेश्मा?"

विजाताईने फोन काढला. रिंग वाजत राहिली, बंद झाली. तिने पुन्हा लावला. तिच्या उजव्या हातातून फोन निसटत होता, म्हणून चिंगीने फोन खालून धरला, स्पीकरवर टाकला.

"ताई." रेश्माचा आवाज. श्वास लागलेला. "मी आहे. आमच्या आधीचे होते, त्यांचे पडले. एक पोरगा उठत नाहीये. आणि आमचे सर बोलतायत, गर्दी जायच्या आत लाइन लावा, आता आपणच."

"तू काय बोललीस?"

"काहीच नाही अजून."

"तुला काय वाटतंय?"

पलीकडे नुसता गोंगाट. मग रेश्मा म्हणाली, "माझे पाय कापतायत."

"मग तेच बोल. मोठ्याने बोल. मी फोन ठेवत नाय."

आम्ही फोनभोवती डोकी आणली. थोडा वेळ काही कळेना. मग रेश्माचा आवाज आला, फोनपासून लांब, दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून. "सर, मी चढणार नाही. माझे पाय कापतायत." एक पुरुष ओरडला. शब्द समजले नाहीत, ओरडणं समजलं. मग काहीतरी आपटल्याचा आवाज आणि फोन बंद.

विजाताई वळलीच होती. "चला. तिला एकटी नाय सोडायची. नर्सबाई, चालवेल?"

"नाही चालवत," मी म्हटलं. "पण येते."

पोचलो तेव्हा त्या पोराला नेलेलं होतं. तो वाचला, पण पुन्हा चालायला त्याला वर्ष लागलं, असं पुढे कळलं. तेव्हा तिथे फक्त एक माणूस पाण्याचा पाइप धरून रस्ता धूत होता. पिवळे टी-शर्ट गोल करून उभे राहायला लागले होते. रेश्मा त्यांच्यात नव्हती. ती बॅरिकेडला टेकून उभी होती, फुटलेला फोन हातात घेऊन, आणि तिच्याच पथकातल्या मुली तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

विजाताई तिच्या एका बाजूला जाऊन उभी राहिली, आम्ही दुसऱ्या. समोर रेश्माच्या जागी एका बारीक अंगाच्या मुलीला बोलावलं गेलं. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं, मान फिरवली आणि बेल्ट घट्ट केला. ओल्या डांबरावर पहिला थर लागला, आणि ढोल पुन्हा सुरू झाला.